‘रिलिजन’ आणि ‘धर्म’ : जुन्या कागदांच्या वाचकांसाठीं एक शब्दविचार

१

जुन्या मोडी कागदांच्या याद्या तयार करितांना एक शिरस्ता पडून गेला आहे. कागदांत ‘धर्म’ हा शब्द दिसला कीं विषयाच्या रकान्यांत इंग्रजी यादी असेल तर ‘रिलिजन’ व मराठी असेल तर ‘धार्मिक’ असें लिहावयाचें आणि पुढचा कागद उघडावयाचा. ह्यानें यादी करणाराचा वेळ वांचतो. परंतु कागदाचा अर्थ मात्र पुष्कळदां हातचा जातो. अन्नछत्राच्या खर्चाचा कागद, जातिबहिष्काराचा महजर, फकिराची नेमणूक आणि वतनाचा निवाडा असे चार निरनिराळ्या विषयांचे कागद एकाच सदराखालीं जाऊन पडतात, व पुढें त्या यादीवर विसंबणारा अभ्यासक त्या चोहोंतून एकच गोष्ट शोधूं लागतो.

ह्या गोंधळाचें मूळ दोन शब्दांच्या गांठींत आहे. ‘रिलिजन’ ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय, तो त्या भाषेंतच केव्हां व कसा बनला, आणि आपल्या ‘धर्म’ शब्दाशीं त्याची गांठ केव्हां पडली, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत योजिला आहे. आमचा मुद्दा थोडक्यांत असा : आजच्या रूढ अर्थीं ‘रिलिजन’ ही मोजतां येणारी गोष्ट आहे, मनुष्य तींपैकीं एकीचा असतो व दुसरीचा नसतो. जुन्या लेखांतला ‘धर्म’ बहुशः करावयाचा, पाळावयाचा किंवा रक्षावयाचा असतो. त्याची गणती करण्याचा प्रसंग फारसा येत नाहीं.

२

‘रिलिजन’ हा शब्द लॅटिन ‘रेलिगिओ’ ह्यापासून आला. त्याच्या व्युत्पत्तीविषयीं रोमन पंडितांतच दोन पक्ष होते. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत सिसरोनें तो ‘रेलेगेरे’ म्हणजे पुनःपुन्हां लक्षपूर्वक वाचणें, उजळणी करणें, ह्या धातूपासून साधिला. देवपूजेच्या सर्व बाबी जे काळजीपूर्वक फिरफिरून पाहतात ते ‘रिलिजस’, असा त्याचा आशय. पुढें इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आरंभीं लॅक्टॅन्शिअस नांवाच्या ख्रिस्ती लेखकानें तें मत खोडून ‘रेलिगारे’ म्हणजे बांधणें हा धातु पुढें केला; मनुष्य ईश्वराशीं भक्तीच्या बंधनानें बांधला जातो तो ‘रेलिगिओ’. पहिल्या व्युत्पत्तींत आचारावर भर आहे, दुसरींत बंधनावर.

आमच्याकडील कित्येक व्याख्याते ही दुसरी व्युत्पत्ति घेऊन तिची ‘धृ’ धातूशीं सोयरीक जुळवितात. बांधणें व धारण करणें जवळजवळ एकच, तेव्हां दोन्ही शब्दही एकच, असा त्यांचा युक्तिवाद असतो. परंतु योगापेक्षां रूढि बलवान्, हें आपल्या शास्त्रकारांनींच सांगून ठेविलें आहे. शब्द कोठून आला ह्यावरून तो काय सांगतो हें ठरत नाहीं. तो कसा वापरला गेला हें पाहिलें पाहिजे.

इंग्रजींत हा शब्द इ. स. १२०० च्या सुमारास दिसूं लागतो, तेव्हां त्याचा एक मुख्य अर्थ मठवासी संन्यस्त जीवन असा होता. ‘रिलिजन’मध्यें शिरणें म्हणजे व्रत घेऊन मठांत राहणें, ‘रिलिजस’ मनुष्य म्हणजे साधु किंवा जोगीण. प्रपंचांत राहणारा ख्रिस्ती शेतकरी कितीही श्रद्धाळू असला तरी ह्या अर्थानें तो ‘रिलिजस’ नव्हे. सोळाव्या शतकांत युरोपांत ख्रिस्ती समाजाचीं शकलें झालीं, लढाया झाल्या, आणि कोणत्या राजाच्या मुलुखांत कोणता पंथ चालावा ह्याविषयीं तह होऊं लागले. १५५५ चा ऑग्सबर्गचा तह त्यांपैकीं प्रसिद्ध आहे. तहांत घालावयाचें तर त्या गोष्टीस नांव, सीमा व अनुयायी हवेत. त्याच सुमारास समुद्रमार्गें दूरदूरच्या लोकांची माहिती येत होती. अशा रीतीनें मठांतला शब्द बाहेर आला आणि त्यास अनेकवचन मिळालें. सॅम्युअल पर्चस ह्याचा १६१३ चा ग्रंथ व एडवर्ड ब्रेरवुड ह्याचा १६१४ चा ग्रंथ जगांतील निरनिराळ्या ‘रिलिजनां’चें वर्णन करितात. ब्रेरवुडनें सर्व मनुष्यजात चार भागांत घातली : ख्रिस्ती, मुसलमान, यहुदी आणि मूर्तिपूजक. आपल्या देशांतील शैव, वैष्णव, जैन हे सर्व त्या चौथ्या गाठोड्यांत गेले. एकंदरींत मोजण्याजोगा हा ‘रिलिजन’ युरोपांतही फार प्राचीन नव्हे.

३

आतां ‘धर्म’ शब्दाकडे वळूं. मीमांसकांच्या मतें वेदविधीनें जें श्रेयस्कर म्हणून कळतें तो धर्म. वैशेषिकांच्या मतें ज्यापासून अभ्युदय व निःश्रेयस साधतें तो. स्मृतिकार वर्णधर्म, आश्रमधर्म, राजधर्म, आपद्धर्म सांगतात. नैयायिक पदार्थाच्या गुणास धर्म म्हणतात. जैन दर्शनांत तर धर्म हें एक द्रव्य असून तें जीव व पुद्गल ह्यांच्या गतीस साहाय्य करितें. एका शब्दाचे इतके अर्थ पाहून इंग्रजींत त्यास एकच प्रतिशब्द देतां येत नाहीं, हें महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनीं १९३० सालीं आरंभिलेल्या आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत आरंभींच नमूद केलें आहे.

ह्या शब्दाचें अगदीं प्राचीन भाषांतर आज आपणांस उपलब्ध आहे. १९५८ सालीं अफगाणिस्तानांत कंदाहार येथें अशोकाचा ग्रीक व अरमाइक अशा दोन भाषांतील शिलालेख सांपडला. त्यांत ‘धम्म’ ह्यास ग्रीक शब्द ‘यूसेबेइया’ असा घातला आहे. त्याचा अर्थ पूज्यबुद्धि, आदरयुक्त सदाचरण. अरमाइक भागांत त्या जागीं ‘सत्य’ अशा अर्थाचा शब्द आहे. परंतु ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशोकाच्या बाराव्या शिलालेखांत आहे. बौद्ध, ब्राह्मण, आजीवक इत्यादि निरनिराळ्या समूहांविषयीं बोलतांना तो ‘धम्म’ हा शब्द वापरीत नाहीं. तेथें ‘पासंड’ हा शब्द येतो, आणि तो अनेकवचनीं येतो. सर्व पासंडांनीं एकमेकांचें ऐकावें व सर्वांत धम्माची वाढ व्हावी, असा त्याचा उपदेश. म्हणजे अशोकाच्या लेखनपद्धतींत मोजावयाचे ते पासंड, आणि वाढवावयाचा तो धम्म. पुढें ‘पाषंड’ शब्दास निंदेचा वास लागला आणि त्याची जागा मत, मार्ग, पंथ, संप्रदाय, दर्शन ह्या शब्दांनीं घेतली. परंतु ही वांटणी पुष्कळ काळ टिकली.

४

ह्या वांटणीचें एक सुंदर उदाहरण आमच्या करवीर प्रांतांतलें आहे. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यांतील गंडरादित्य राजानें मिरज प्रांतांत एक विस्तीर्ण तलाव बांधून त्यास आपल्या नांवावरून ‘गंडसमुद्र’ असें नांव दिलें. त्या तलावाच्या कांठीं त्यानें ईश्वर, बुद्ध आणि अर्हत् अशा तीन देवतांची स्थापना केली व प्रत्येकीच्या पूजाअर्चेसाठीं जमीन तोडून दिली. शके १०३२ च्या दानपत्रांत हा वृत्तांत असून रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनीं दक्षिणेच्या इतिहासांत त्याची दखल घेतली आहे. हे राजे आपणांस महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभलेले म्हणवीत, हेंही त्यांच्या लेखांत येतें.

आजच्या यादीच्या रकान्यांत हा राजा कोठें घालावयाचा? ‘रिलिजन’च्या हिशेबानें तलावाच्या एका कांठावर तीन निरनिराळ्या गोष्टी उभ्या आहेत, आणि राजा त्यांपैकीं एकीचाच असला पाहिजे, मग दुसऱ्या दोहोंस जमीन देणें ही त्याची ‘सहिष्णुता’ ठरते. दानपत्रांच्या परिभाषेनें पाहिलें तर राजानें एक धर्मकृत्य केलें : पाणी दिलें, देव बसविले, त्यांच्या पूजेची तरतूद केली. त्या काळच्या ताम्रपटांच्या शेवटीं पुढील राजांस विनवणी असते, तींत दानास सर्व राजांचा सामाईक ‘धर्मसेतु’ म्हटलेलें असतें. हा सेतु राखावयाचा तो दान कोणत्या देवास दिलें हें पाहून नव्हे, तर तें दान आहे म्हणून.

५

मराठी दप्तरांत आलें म्हणजे ‘धर्म’ शब्दाचे ठळक उपयोग असे दिसतात. एक, दान : ‘धर्मादाय’, ‘धर्मशाळा’, ‘धर्मार्थ’. दारांत येणारा भिकारी ‘धर्म करा’ असें म्हणे तेव्हां तो कोणासही आपला पंथ विचारीत नव्हता. ‘धर्म करतां कर्म उभें राहतें’ ह्या म्हणींतला धर्मही परोपकारच होय. दुसरा, त्या त्या समूहाचा किंवा पदाचा आचार : कुळधर्म, जातिधर्म, राजधर्म. तिसरा, न्याय्य वर्तन : ‘हा धर्म नव्हे’ असें पंच म्हणत तेव्हां ते निवाड्याविषयीं बोलत. देवस्थानांप्रमाणेंच पीर व दरगे ह्यांसही मराठी राज्यांत इनामें व नेमणुका चालत, आणि तो खर्चही धर्मादायाच्याच पोटीं पडे.

माणूस एका समाजांतून दुसऱ्यांत गेला तर काय लिहीत? ‘धर्मांतर’ हा आज सर्वतोमुखीं असलेला शब्द तेथें शोधावयास जाऊं नये. ‘बाटला’, ‘मुसलमान झाला’, ‘शुद्ध झाला’, ‘गोतांत घेतला’ अशी भाषा असते. नेतोजी पालकर १६७६ सालीं परत आला तेव्हां त्यानें प्रायश्चित्त घेतलें व तो शुद्ध झाला, अशा अर्थाची नोंद जेधे शकावलींत आहे. त्या नोंदीचा भर श्रद्धा बदलण्यावर नसून पंक्तींत बसण्याच्या पात्रतेवर आहे.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ‘हिंदुधर्म’ हा समासच इंग्रजांनीं घडविला, असें कित्येक आधुनिक विद्वान् सुचवितात. तें टिकत नाहीं. बंगालींतील सोळाव्या व सतराव्या शतकांच्या वैष्णव चरित्रग्रंथांत तो शब्द आढळतो. आपल्याकडे वि. का. राजवाडे ह्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरींत ‘महाराष्ट्रधर्म’ असा प्रयोग आहे. लोकांस आपण व परके हा भेद कळत होता व तो कित्येकदां तीव्रही होता. परंतु देशाच्या नांवाशीं ‘धर्म’ जोडतां येतो ह्यावरूनच त्या शब्दाचा पैस ध्यानांत येतो. ‘महाराष्ट्रधर्म’ ह्याचें भाषांतर ‘महाराष्ट्राचा रिलिजन’ असें केलें तर शब्दांत कांहींच अर्थ उरत नाहीं. तेथें देशाचार, लोकांचें कर्तव्य व राज्याचें रक्षण हीं सारीं एकत्र नांदतात.

६

मग गांठ पडली केव्हां? एकच वर्ष सांगावयाचें झालें तर आम्ही १८३१ सांगूं. त्या वर्षीं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईस प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षीं मोरभट दांडेकर ह्यांचा ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ निघाला. मिशनरी जॉन विल्सन ह्यांच्याशीं झालेल्या वादांतून तो लिहिला गेला होता. विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं इंग्रजींत उत्तर दिलें, त्याच्या नांवांत ‘हिंदु रिलिजन’ हे शब्द आहेत. वादी म्हणतो ‘हिंदुधर्म’, प्रतिवादी म्हणतो ‘हिंदु रिलिजन’. दोघेही तीच गोष्ट समोर ठेवून भांडत आहेत, असें वाचकास वाटावें अशी ही रचना झाली.

वादाची ही जातच अशी कीं तींत दोन्ही पक्षांस सारखी तलवार लागते. एका पक्षाचा ग्रंथ, संस्थापक व सिद्धांत असतील तर दुसऱ्यासही आपला ग्रंथ व सिद्धांत दाखवावे लागतात. १८५७ मध्यें विष्णुबावा ब्रह्मचारी ह्यांनीं मुंबईच्या समुद्रकांठीं मिशनऱ्यांशीं वाद केले, आणि पुढें ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ लिहिला. अशा वादांत ‘धर्म’ शब्द हळूहळू ‘रिलिजन’च्या मापाचा होत गेला. मोल्सवर्थच्या कोशास दोष देतां येत नाहीं; त्यानें ‘धर्म’ शब्दाखालीं आचार, कर्तव्य, दान, स्वभाव असे अनेक अर्थ जपून दिले आहेत. परंतु शाळांतून, वर्तमानपत्रांतून व कचेऱ्यांतून जो अर्थ रूढ झाला तो एकच.

७

कचेरीनें त्यावर शिक्कामोर्तब केलें. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यानें प्रजेच्या श्रद्धा व उपासना ह्यांत हात न घालण्याचें वचन दिलें, आणि पुढें शिरगणतीच्या तक्त्यांत प्रत्येक माणसासमोर ‘रिलिजन’चा एक रकाना आला. रकान्यांत एकच नांव बसतें. १९११ च्या गणतींत गुजरातेंतील कांहीं जातींनीं आपणांस ‘हिंदु-मुसलमान’ असें नोंदविलें, तेव्हां अधिकारीवर्गास तें गैरसोयीचें वाटलें. त्या लोकांच्या आचारांत दोहींचा मेळ होता. तक्त्यास तो सोसवेना.

करवीरांत १८९९ सालीं उद्भवलेलें वेदोक्त प्रकरण ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. शाहू छत्रपतींच्या घरचे विधि वेदमंत्रांनीं करावयाचे कीं पुराणमंत्रांनीं, हा वाद होता; राजोपाध्यांनीं वेदोक्त विधि नाकारल्यावर १९०२ मध्यें त्यांचें इनाम जप्त झालें. दोन्ही पक्ष आजच्या भाषेंत एकाच ‘रिलिजन’चे. शिरगणतीच्या तक्त्यांत त्यांच्यांत तिळमात्र भेद दिसला नसता. परंतु ‘धर्म’ ह्या जुन्या अर्थानें भेद पराकाष्ठेचा होता, कारण प्रश्न वर्णाचा, अधिकाराचा व वतनाच्या सेवेचा होता. त्या प्रकरणाचे कागद ‘रिलिजन’ ह्या सदराखालीं लावले तर त्यांतील जमीन दिसत नाहीं, आणि ‘महसूल’ ह्या सदराखालीं लावले तर मंत्र दिसत नाहींत.

जुना अर्थ व्यापक होता म्हणून तो निर्दोष होता, असें मात्र कोणीं समजूं नये. विहिरीवर पाणी न भरूं देणें हाही ‘धर्म’च म्हटला जात असे. जन्मानें कोणास कोणता आचार लागतो हें जो शब्द ठरवितो, त्याच्या व्यापकपणाचा जाच ज्यांनीं सोसला त्यांस नवा अर्थ सुटकेचा वाटला, ह्यांत नवल नाहीं. जोतीराव फुले ह्यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं निघाला. त्याच्या नांवांतील ‘सार्वजनिक’ हें विशेषण जातिधर्माच्या कल्पनेवर सरळ घाव घालतें. १९२० च्या मार्चमध्यें करवीर संस्थानांतील माणगांव येथें झालेल्या परिषदेस डॉ. आंबेडकर व शाहू महाराज दोघेही होते. पुढें १९३५ मध्यें येवल्यास आंबेडकरांनीं जी घोषणा केली व १९५६ मध्यें नागपुरास जी कृतींत उतरविली, ती धर्म सोडतां व निवडतां येतो ह्या नव्या अर्थावरच उभी होती. परंतु त्याच आंबेडकरांनीं १९५७ सालीं मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत ‘रिलिजन’ व ‘धम्म’ हे निरनिराळे आहेत असें सविस्तर मांडलें, आणि पालि रूप मुद्दाम राखलें. एका शब्दानें सुटका साधली तरी दुसऱ्याचें काम त्यानें भागत नाहीं, हें त्यांस दिसत होतें.

८

आजच्या कायद्याच्या मराठींत हे दोन्ही अर्थ शेजारीं शेजारीं राहतात. १९७६ च्या दुरुस्तीनें संविधानाच्या उद्देशिकेंत जो इंग्रजी शब्द आला त्यास मराठी पाठांत ‘धर्मनिरपेक्ष’ व हिंदी पाठांत ‘पंथनिरपेक्ष’ असा प्रतिशब्द आहे. हिंदी भाषांतरकारानें अशोकाची वांटणी पाळिली. मराठी भाषांतरकारानें १८३१ नंतरची रूढि पाळिली. दोन्ही पाठांचा कायदेशीर अर्थ एकच आहे, आणि येथें राजकीय मताचा प्रश्न नाहीं. केवळ शब्दाचा आहे. उलट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्यान्वयें ज्या अधिकाऱ्याची नेमणूक होते, त्यास मराठींत ‘धर्मादाय आयुक्त’ म्हणतात. त्यांतला ‘धर्म’ म्हणजे दान. त्याच्या कचेरींत मंदिराच्या विश्वस्तांबरोबर दवाखाना व वाचनालय चालविणारेही जातात, आणि कोणासही तो शब्द खटकत नाहीं. गंडरादित्याच्या तलावावरचा अर्थ त्या पाटीवर आजही जिवंत आहे.

संग्राहकांस व सूचीकारांस उपयोगी पडतील अशा तीन कसोट्या सुचवून हा लेख पुरा करितों. पहिली, क्रियापद पाहावें. धर्म ‘केला’, ‘चालविला’, ‘रक्षिला’ असें असेल तर तो दान, आचार किंवा कर्तव्य होय. ‘स्वीकारला’, ‘बदलला’, ‘लिहिला’ असें असेल तर कागद बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या तृतीयांशानंतरचा, आणि कागदावर त्याआधींची मिति असेल तर नक्कल केव्हां झाली ह्याची चौकशी करावी. दुसरी, वचन पाहावें. ‘सर्व धर्म’, ‘दोन धर्म’ अशी मोजणी आली तर ती समाजांची कीं आचारांची हें शेजारच्या शब्दांवरून ठरवावें. पंथ, मत, मार्ग हे शब्द जवळ असतील तर मोजणी त्यांची, धर्माची नव्हे. तिसरी, खर्चाचें सदर पाहावें. रकमेसमोर ‘धर्मादाय’ लिहिलें असेल तर घेणारा कोण हें नांवानिशीं टिपावें. केवळ सदरावरून त्याचा पंथ ठरवूं नये.

आणि सूचींत शक्य तेथें मूळ शब्दच ठेवावा. ‘धर्म (दान)’, ‘धर्म (जात्याचार)’, ‘धर्म (निवाडा)’ अशा तीन पोटसदरांनीं बहुतेक काम भागतें. ‘रिलिजन’ हें सदर नवीन कागदांसाठीं राखून ठेवावें. त्यांस तें शोभतें, कारण त्यांच्या लेखकांसमोर तो रकाना खरोखरच होता. कोल्हापूरच्या पुरालेखागारांत व खाजगी घराण्यांच्या बासनांत अद्याप न वाचलेले मोडी कागद पुष्कळ पडून आहेत. त्यांच्या याद्या एकदां झाल्या म्हणजे पुढची पिढी मूळ कागदाऐवजीं यादीच वाचील, हें ध्यानांत घेऊन प्रत्येक रकाना भरावा.